हळू आवाजातली भीती

गणेशोत्सवातल्या करमणुकीच्या कार्यक्रमात एक नकलाकार हमखास असतो. दादा कोंडके होतात, अमिताभ होतो, आणि मग तो मान किंचित तिरकी करतो, ओठ एका बाजूला ओढतो, आवाज खरखरीत करतो आणि म्हणतो, ‘बाई, वाड्यावर या.’ मांडव हसून लोटपोट होतो. निळू फुले यांचा एकही चित्रपट न पाहिलेली आठ-दहा वर्षांची पोरेही हसतात. निळूभाऊ १३ जुलै २००९ रोजी पुण्यातच गेले. एवढ्या वर्षांनंतरही त्यांची नक्कल चालते, ही एखाद्या नटाला मिळालेली मोठीच पावती म्हणायची. पण मला त्या हसण्याचे दरवेळी थोडे नवल वाटते. ज्या माणसाला पडद्यावर पाहून बायका नकळत पदर सावरून बसत, बाहेर कुठे दिसला तर तोंडावर शिव्या घालत, तोच माणूस आता करमणुकीचा विषय झाला आहे. नक्कल करणारा त्यांची मान घेतो, ओठ घेतो, आवाज घेतो. भीती तेवढी मागे राहते.

ती भीती कशाची होती, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळतो. कारण निळूभाऊ अंगापिंडाने काही दांडगे नव्हते. हिंदी पडद्यावरचा खलनायक निदान उंचापुरा असे, त्याच्या मागे चार पहिलवान असत, हातात पिस्तूल असे. इथे साधा, मध्यम चणीचा माणूस. आवाज चढवायचीही त्याला गरज भासत नसे. उलट प्रसंग जितका गंभीर तितका तो आवाज खाली उतरे, आणि आपण खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागत असू. खलनायकाचे बोलणे ऐकण्यासाठी प्रेक्षकानेच पुढे वाकायचे, ही गोष्ट मी तरी दुसऱ्या कुठल्या मराठी नटाच्या बाबतीत अनुभवलेली नाही.

निळकंठ कृष्णाजी फुले हा अस्सल पुणेकर. तरुणपणी ते वानवडीच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी त्यांची इच्छा होती, ती भांडवलाअभावी राहून गेली. (बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला हे वाचून चुटपूट लागल्याशिवाय राहत नाही. बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले १९६९ साली. त्याआधी बिनातारणाच्या माळ्याला कोण उभे करून घेणार होते? कर्ज मिळाले असते तर महाराष्ट्राला एक चांगला रोपवाटिकावाला मिळाला असता आणि एक नट गेला असता, असा हिशेब करून मी माझ्या पेशाचे समाधान करून घेतो.) तुटपुंज्या पगारात ते राष्ट्र सेवा दलाचे काम करत. सेवा दलाच्या कलापथकातून ते उभे राहिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला त्यांचा रोंगे गाजला, शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना गावोगाव नेले, आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णांमुळे ते पडद्यावर स्थिरावले.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो. कारण गावचा पाटील, सरपंच, चेअरमन ही माणसे त्यांनी पुस्तकातून उचलली नव्हती. कलापथकाचा ट्रक गावात शिरला की पहिली गाठ कोणाशी पडते? कार्यक्रमाला परवानगी देणाऱ्याशी. तो ओट्यावर बसलेला असतो आणि तुम्ही उभे असता. ज्याने सत्तेकडे इतकी वर्षे खालून पाहिले, त्याला तिची बसण्याची ढब पाठ होणारच.

मराठी पडद्यावर रहस्यपट त्याआधीही होते. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ सालचा. त्यावरून दोनच वर्षांत हिंदीत ‘मेरा साया’ निघाला, म्हणजे आपला माल खणखणीत होता. पुढे १९७६ साली ‘हा खेळ सावल्यांचा’ आला आणि त्याने कित्येक घरांतल्या मुलींना रात्री एकटीने परसात जायची चोरी केली. दोन्हीकडे काशिनाथ घाणेकर. हे चित्रपट मला आजही आवडतात. पण त्यांतली भीती अंधाराची, वाड्याची, सावलीची आहे. शेवटच्या पंधरा मिनिटांत दिवा लागतो, भूत म्हणजे माणूसच होता हे कळते, आणि आपण निर्धास्त होऊन घरी येतो.

‘सामना’मध्ये दिवा पहिल्यापासून लागलेलाच आहे. १९७४ सालचा हा कृष्णधवल चित्रपट. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, लेखन विजय तेंडुलकरांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. त्याला आपण राजकीय चित्रपट म्हणतो, सहकार आणि साखर कारखानदारीवरचे भाष्य म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण एकदा तो निव्वळ रहस्यपट म्हणून पाहा. फाटका, दारूत बुडालेला एक म्हातारा मास्तर गावात येऊन पडतो. हे डॉ. श्रीराम लागू. गावचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील त्याला आपल्या पंखाखाली घेतो. हे निळूभाऊ. मास्तरच्या कानावर एक नाव पडते, मारुती कांबळे. एक माजी सैनिक. तो होता आणि आता नाही. मास्तर विचारू लागतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’

रहस्यकथेचा नियम असा की गुन्हेगार कोण हे कोणालाच ठाऊक नसते आणि शोधणारा हुशार असतो. इथे सगळे उलटे आहे. शोधणारा धड पायांवर उभा राहू शकत नाही. आणि ‘सामना’ पाहताना असे वाटत राहते की गावातल्या पोरासोरांनाही काहीतरी माहीत आहे. रहस्य उरते ते एवढेच, की तोंड कोण उघडणार. हा प्रश्न पुढे चित्रपटातून बाहेर पडला आणि महाराष्ट्राच्या राजकारणात रूढ झाला. कुठले प्रकरण दडपले गेले की कोणीतरी अजूनही विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं?

आता यात हिंदुराव काय करतो ते पाहा. तो मास्तरला हाकलत नाही. धमकावतही नाही. तो त्याला चांगले कपडे देतो, खाऊ घालतो, पिऊ घालतो, गाडीत घालून आपले साम्राज्य दाखवतो. आणि निळूभाऊ हे सगळे खरोखरच्या आपुलकीने करतात. इथे दुसरा एखादा नट असता तर त्याने प्रेक्षकाला डोळा मारला असता, ‘बघा हं, मी आतून किती कावेबाज आहे’ असे सुचवले असते. निळूभाऊ ते सुचवत नाहीत. हिंदुरावाला मास्तर मनापासून आवडतो. त्याच्याशी बोलायला त्याला बरे वाटते, कारण गावात त्याच्याशी बरोबरीने बोलणारे दुसरे कोणी उरलेलेच नाही. आणि ज्याच्याविषयी आपुलकी वाटते त्या माणसाचे तोंडही बंद करावे लागले तर तो करील, हेही आपल्याला कळत असते. दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी. लागूंसारखा कसलेला नट समोर असताना निळूभाऊंनी हे जमवले आहे. अभिनयाच्या या जुगलबंदीत जिंकले कोण, असा वाद आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत पुष्कळ वेळा झाला. माझे मत हिंदुरावाला असे.

माझे मत तसे व्हायला एक कारणही घडले. नव्वद सालाच्या आसपास माझी बदली उसाच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण शाखेत झाली. जिल्हा सांगत नाही. थकीत कर्जांच्या वसुलीचे काम माझ्याकडे होते. यादीत एक नाव असे होते की तिथे पोचल्यावर शिपाई मोटारसायकलवरून उतरेना. मी नोटीस देऊन आलो. दोन दिवसांनी ते गृहस्थ शाखेत आले. पांढरे स्वच्छ कपडे, हात जोडलेले. माझ्यासमोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘साहेब, बिऱ्हाड नीट लागलं का? पाण्याची अडचण नाही ना? मुलगी कुठल्या शाळेत घातली, जिल्हा परिषदेच्या? दुपारच्या सुट्टीत एकटीच घरी येते म्हणे. लांब पडतं हो तिला.’ एवढेच. कर्जाचा विषय त्यांनी काढलाच नाही. चहा घेऊन, सगळ्यांना नमस्कार करून ते गेले. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. कॅशियरने मान वर केली नाही. त्या संध्याकाळी मी मुलीला आणायला स्वतः शाळेत गेलो, आणि वाटेत मला हिंदुरावाची आठवण झाली. माणूस दुखावला जाईल असा एकही शब्द न वापरता त्याच्या पोटात गोळा कसा आणावा, हे मी आधी चित्रपटगृहात पाहिले होते. (कर्ज वसूल झाले का, असे वाचक विचारतील. काही भाग झाला. मुलीची शाळा मात्र आम्ही बदलली.)

म्हणून, निळूभाऊंचा खलनायक अतिरंजित होता असे कोणी म्हटले की मी त्यांच्याशी वाद घालत नाही. एवढेच विचारतो, आपण कधी वसुलीला गेला आहात का?

‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता. त्या वर्षीचे सुवर्ण अस्वल हंगेरीच्या मार्ता मेसारोश यांच्या ‘ॲडॉप्शन’ला मिळाले. ऊस, कारखाना, संचालक मंडळ हे तिथल्या परीक्षकांना किती कळले असेल कोण जाणे. पण सत्ताधारी माणसाच्या गुन्ह्याकडे सगळ्यांनी काणाडोळा करणे, हा विषय त्यांना अपरिचित नसणार. कारण त्याच काळात युरोपातल्या रहस्यपटांनी हेच सूत्र धरले होते. त्यांतल्या एका नटाचे काम पाहताना मला निळूभाऊ सारखे आठवत राहतात. त्याचे नाव ज्यान मारिया व्होलोंते.

१९३३ सालचा, मिलान शहरातला हा नट आपल्याला एका वेगळ्याच अवतारात ठाऊक आहे. क्लिंट ईस्टवुडचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) आठवा. त्यातला क्रूर रामोन म्हणजे व्होलोंते. इटालियन माणसांनी स्पेनमध्ये काढलेला अमेरिकन घोडेस्वारांचा तो चित्रपट, तेव्हा श्रेयनामावलीत त्याचे नाव ‘जॉन वेल्स’ असे इंग्रजी करून टाकले होते. पुढच्याच वर्षीच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये तोच दरोडेखोर एल इंडिओ. हे चित्रपट आज जगभर भक्तिभावाने पाहिले जातात, पण त्या वेळी ती धंद्याची, पिटातल्या प्रेक्षकांची कामे होती. आपल्या भाषेत सांगायचे तर व्होलोंतेचे ते तमाशापट. निळूभाऊंप्रमाणेच तोही उघड डाव्या विचारांचा, इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता.

आणि मग १९७० साली एलिओ पेत्री याने त्याला घेऊन एक रहस्यपट केला. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ ‘संशयापलीकडच्या एका नागरिकाची चौकशी’. रोमच्या खून तपास विभागाचा प्रमुख स्वतःच आपल्या प्रेयसीचा खून करतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच, आपल्या डोळ्यांदेखत. मग तो मुद्दाम पुरावे मागे ठेवतो. बोटांचे ठसे, बुटाचा ठसा, टायचा धागा. त्याला पाहायचे असते की आपल्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती होते का. कोणाचीच होत नाही. पुरावा समोर असतो आणि हाताखालची माणसे दुसरीकडे पाहतात. परदेशी चित्रपटासाठीचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले.

गुन्हेगार ठाऊक असलेली रहस्यकथा. इटलीत पोलीस अधिकारी, आपल्याकडे साखरसम्राट. दोघेही नट पिटातल्या प्रेक्षकांसाठी दुष्ट माणसे रंगवून आलेले, दोघेही खासगी आयुष्यात सत्तेच्या विरुद्ध बाजूला उभे. फरक आवाजाचा. व्होलोंतेचा अधिकारी सतत ओरडतो, छाती काढून फिरतो, भाषणे देतो, आणि एकटा असला की त्याच्यातले घाबरट पोर बाहेर येते. त्याला आपली सत्ता पुन्हा पुन्हा सिद्ध करून पाहावी लागते. हिंदुरावाला ती गरज नाही. त्याची सत्ता ऊसतोडीच्या तारखेत, पाण्याच्या पाळीत, सोसायटीच्या कर्जात मुरलेली आहे, तिला ओरडावे लागत नाही. मला यात आपल्या आणि इटलीच्या समाजातला फरकही दिसतो, पण त्यावर अधिकाराने बोलायला मी समाजशास्त्रज्ञ नाही.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, शेजारी प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. युरोपातले असले चित्रपट इथल्या पिढ्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि त्यांतल्या नटांची चर्चा करत रात्री जागवल्या. ते चांगलेच झाले. पण त्याच शहरात राहणाऱ्या, रस्त्यावर साधेपणाने भेटणाऱ्या नटाच्या कामाकडे तितक्याच बारकाईने पाहिले गेले का, याची मला शंका आहे. त्यांच्यावर प्रेम पुष्कळ केले आपण. निळूभाऊ किती मोठे माणूस होते, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर कसे येत, साधे कसे राहत, याच्या आठवणी सांगणारे शेकड्याने भेटतात. आणि त्या खऱ्या आहेत. पण ‘पडद्यावर वाईट, मनाने देवमाणूस’ या एका वाक्यात आपण त्यांना बसवून टाकले, आणि ते पडद्यावर नेमके काय करत होते हे पाहायचे राहून गेले. माणूस चांगला होता म्हणून नट मोठा ठरत नाही, आणि या माणसाला तर नट म्हणून कोणाच्या शिफारशीची गरज नव्हती.

त्यांनी शंभराहून अधिक चित्रपट केले. त्यांतल्या कित्येकांत तोच पाटील, तोच वाडा, तीच बाई. धंद्याने त्यांना एकाच फडताळात ठेवले आणि पोटासाठी त्यांनी ते चालवून घेतले. नकलाकारांची सामग्री आली ती या ढिगातून. पण त्याच ढिगाच्या आगेमागे १९७२ सालचा ‘सखाराम बाइंडर’ आहे, ज्यावर बंदी आली आणि कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात लढावे लागले. त्यातला सखाराम टाकलेल्या बायका घरी आणतो आणि आपले नियम त्यांना मोकळेपणी सांगतो. लालन सारंगांच्या चंपापुढे त्याचे हे रोखठोक पुरुषपण कसे ढासळते, हे ज्यांनी रंगमंचावर पाहिले त्यांच्याकडून ऐकावे. त्याच वर्षीचा ‘पिंजरा’ही आहे. गुरुजीच्या अधःपाताची ती गोष्ट ‘द ब्ल्यू एंजल’ या १९३० सालच्या जर्मन चित्रपटाशी नाते सांगते. त्यात लागू आणि निळूभाऊ दोघेही आहेत. म्हणजे दोन वर्षांत लागूंनी दोन मास्तर केले, आणि दोन्ही वेळा निळूभाऊ आसपास होतेच.

आणि १९७९ सालचा ‘सिंहासन’. पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर, या वेळी अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू. मंत्रालयातले डाव-प्रतिडाव आहेत, तस्कर आहेत, संप आहे. सगळा महाराष्ट्र ज्याला हिंदुराव म्हणून ओळखत होता त्याला यात पुढाऱ्याची भूमिका दिली असती तर ती त्याने डोळे मिटून केली असती. दिग्दर्शकाने त्याला दिली दिगू टिपणीसची. दिगू वार्ताहर आहे. खांद्याला झोळी अडकवून तो या दालनातून त्या दालनात जातो, सगळ्यांचे ऐकतो, सगळे त्याला कळते, आणि त्याच्या हातात काहीच नाही. ‘सामना’त ज्याला प्रश्न विचारायची कोणाची हिंमत नव्हती, तोच माणूस इथे प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी आला आहे. गंमत म्हणजे आवाज तोच आहे, तसाच हळू. पण हिंदुरावाचा हळू आवाज ऐकायला आपण पुढे वाकत होतो. दिगूचा आवाज हळू आहे कारण कोणी ऐकत नाही.

एकाच घशातून ही दोन माणसे काढणे, याला मी अभिनय म्हणतो. व्होलोंतेनेही तेच केले. संशयापलीकडचा अधिकारी केल्यावर पुढच्याच वर्षी त्याने ‘साक्को आणि वांझेत्ती’मध्ये अमेरिकेत अन्यायाने फाशी दिलेला, म्हणजे विजेच्या खुर्चीत बसवलेला वांझेत्ती केला. १९८७ साली बर्लिनने त्याला सर्वोत्कृष्ट नटाचे रौप्य अस्वल दिले, आणि १९९४ साली ग्रीसमध्ये चित्रीकरण चालू असतानाच तो गेला. इटलीत त्याची नक्कल कोणी करतो की नाही, मला ठाऊक नाही.

येत्या रविवारी घरात सगळे असतील, तर दुपारी ‘सामना’ लावा आणि रात्री जेवणे झाल्यावर ‘सिंहासन’. दोन्ही कृष्णधवल आहेत, म्हणून मुले सुरुवातीला कुरकुर करतील. नक्कल करणारे एखादे पोर घरात असेल तर त्याला पुढच्या खुर्चीत बसवा. क्रम मात्र उलटा करू नका. आधी हिंदुराव, मग दिगू. शेवटी दिगूचा तोल जातो आणि तो हसत सुटतो, तेव्हा ते पोर हसते का, एवढे पाहा.